बाळ, पतसंस्था आणि खारं पाणी : दर्यापूर तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बाळाची आई २७ वर्षांची, बी. कॉम., दर्यापुरातल्या (जि. अमरावती) एका पतसंस्थेत कॅशियर. पगार अकरा हजार. नवरा कृषी सेवा केंद्रात कामाला, घरी सासू-सासरे, चार एकर कोरडवाहू आणि दोन शेळ्या. गाव तालुक्यापासून चौदा किलोमीटरवर, पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं आहे. पहिलटकरीण म्हणून ती सातव्या महिन्यातच माहेरी गेली, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलगी झाली, वजन २.७ किलो. पहिल्या तासातच अंगावर घेतली, चीक पाजला. त्यानंतर घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. मी ज्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, तिथे इतकं नीट सुरू झालेलं स्तनपान रोज पाहायला मिळत नाही. (ओळख पटू नये म्हणून नावं आणि गाव दिलेलं नाही.)

मार्चच्या पहिल्या आठवड्यात साडेतीन महिन्यांच्या लसीसाठी ती अंगणवाडीत आली. बाळाचं वजन ५.४ किलो, कार्डावरची रेघ हिरव्या पट्ट्यातून सरळ वर चाललेली. लस टोचून झाली, बाकीच्या बाया पांगल्या तरी ही थांबून राहिली. म्हणाली, "मॅडम, लेकराले आता तोडा लागते. सहा एप्रिलले जॉइन व्हायचं आहे. कोणत्या कंपनीचं दूध चालू करू?"

सहा एप्रिलला बाळ साडेचार महिन्यांचं होणार होतं. घरात सगळ्यांचा समज असा, की रजा सहा महिन्यांची आणि निव्वळ अंगावरचं दूधही सहाच महिने, म्हणजे दोन्ही बरोबर जुळतं. कागदावर जुळतं. प्रत्यक्षात प्रसूती रजेच्या कायद्यातले २६ आठवडे रजेच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात, बाळाच्या जन्मापासून नाही. प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. हिने माहेरी जाताना सात घेतले होते, उरले एकोणीस. आपल्याकडे सातव्या महिन्यात माहेरी जायची रीत आहे, त्यामुळे नोकरी करणाऱ्या पहिलटकरणीची रजा बहुतेक वेळा अशीच आधी खर्च होते आणि वरच्या खाण्याला अजून दीड महिना असताना संपते. त्यात पतसंस्थेतून फोन सुरू झाले होते, की मार्च एंडिंगला चार दिवस तरी येऊन जा. ती गेली नाही. ते बरंच केलं.

हिशोब

कंपनीचं नाव मी सांगितलं नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात, फुकट नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत प्रचार या सगळ्याला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा नसता तरी उत्तर फारसं वेगळं नसतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठीची पहिल्या टप्प्याची पावडर, मुदत संपलेली नसलेली, सील न फुटलेली, एवढं पाहिलं की पुरे. 'मेंदूसाठी', 'उंचीसाठी' असं काहीबाही छापून दीडपट किंमत लावलेली घेण्यात अर्थ नाही.

मला खटकला तो तिचा दुसरा शब्द, 'तोडा लागते', म्हणजे अंगावर पाजणं बंदच करावं लागेल. मी अंगणवाडीच्याच एका जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर तिच्याकडून बाळाचा दिवस लिहून घेतला. पहाटे पाचला एकदा, मग साडेआठला, साडेअकराला, अडीचला, पाचला, संध्याकाळी सातला, साडेनऊला आणि रात्री दोनच्या सुमारास. आठ वेळा. तिला घरून सव्वानऊला निघायचं होतं, एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर काळीपिवळी. परत यायला साडेसहा. म्हणजे तिच्या गैरहजेरीत येतात ती फक्त तीन पाजणी. उरलेल्या पाच वेळा ती घरातच आहे. मग तोडायचं कशाला?

याचा पैशातला हिशोब तिने स्वतःच केला, शेवटी ती कॅशियर. या वयाच्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली दूध लागतं. रुजू होईपर्यंत बाळ सहा किलोच्या जवळ जाणार, तेव्हा सगळं पावडरीवर न्यायचं तर साडेआठशे-नऊशे मिली, म्हणजे ४०० ग्रॅमचं पाकीट तीन दिवसांत खलास, महिन्याला दहा पाकिटं. गावच्या मेडिकलमध्ये एक पाकीट चारशेच्या वर. अकरा हजारांतले चार हजार त्यातच गेले. तीन पाजणी १२० मिलीची धरली, रविवार वगळला, तर महिन्याला साडेतीन पाकिटं. ती कागदाकडे पाहून म्हणाली, "हे तं परवडते." आईचं दूध अमृत आहे वगैरे जे मी सांगणार होते, त्याची गरजच पडली नाही.

दूध काढून ठेवण्याचाही विचार झाला. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि चांगल्या फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. एप्रिलमध्ये दर्यापुरात दुपारी पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि त्यांच्या गावात लाईन गेली की कधी तीन-तीन तास येत नाही. दिवसभर हाताने काढून पिशवीत भरून आणा, हा सल्ला ज्याच्या ऑफिसात फ्रिज आहे त्याच्यासाठी ठीक. तिने सकाळी एक वाटी काढून पाहिली. स्वयंपाक, डबा, बाळाची मालिश-आंघोळ, त्यात पहाटे साडेचारला उठून दूध काढणं. आठवड्यात तिने ते सोडून दिलं आणि मी पुन्हा विषय काढला नाही. झोप न झालेल्या बाळंतिणीकडून आणखी एक काम करून घेण्यापेक्षा तिने रात्री नीट पाजावं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अंगावरचं दूध आटू नये म्हणून रात्रीचं पाजणं फार उपयोगी पडतं.

सासूबाईंचा पर्याय तयार होता. "बकरीचं दूध पाजलं तं काय होते? आमचे सारे त्याच्यावरच वाढले." वर्षाच्या आतल्या बाळासाठी गाय-म्हैस-बकरीचं दूध मुख्य दूध म्हणून का नको, तर त्यात लोह नगण्य असतं आणि प्रथिनं-क्षार इतके असतात की कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. पाणी घालून पातळ केलं की क्षार कमी होतात, पण पोषणही कमी होतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना पटलं असं नाही, पण "तुम्ही म्हणता तं नाई देत" इथपर्यंत आल्या. बकरीचं दूध सासऱ्यांच्या चहाला राहिलं.

पाणी

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाण्यात. पावडर कोणती, बाटली कोणती यावर घरोघरी चर्चा होते. पण तयार दुधात पावडर असते तेरा-चौदा टक्के, बाकी सगळं पाणी. ते पाणी कुठलं हे कोणी विचारत नाही.

या घरात पाणी तीन प्रकारचं. अंगणातली बोअर, तिचं पाणी इतकं खारं की त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. शहानूर धरणाच्या योजनेचा नळ, तो काही दिवसांआड येतो, मग ड्रम भरून ठेवायचे. आणि फिल्टरच्या थंड पाण्याची कॅन, गाडीवाला दारात आणून देतो. सासूबाईंचं म्हणणं, उकळलं की कोणतंही पाणी चालतं. पिढ्यान् पिढ्या आपण हेच शिकलो आणि जंतूंच्या बाबतीत ते खरंही आहे. पण मीठ उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि क्षार वाढतात. खारपाण पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार, कुठे कुठे नायट्रेटही मर्यादेपलीकडे असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धोक्याचं, रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकदच ते कमी करतं आणि ओठ-नखं निळी पडतात. मोठ्या माणसाला त्याच पाण्याने सहसा लगेच काही जाणवत नाही, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ज्या गावांत फ्लोराइडचा त्रास आहे तिथेही हीच गोष्ट, उकळून फ्लोराइड जात नाही.

आई अंगावर पाजते तोवर हा प्रश्न बाळापर्यंत पोचत नाही, ते पाणी आधी आईच्या शरीरातून जातं. पावडर सुरू झाली की बोअर थेट बाळाच्या वाटीत.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. या गावातल्या बाया प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि त्यांची पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात होती. किल्ली शिपायाकडे, शिपाई लग्नाला. शेवटी पेटी मिळाली, बोअर आणि नळ दोन्ही तपासले. बोअरचा नमुना नायट्रेटच्या रंगपट्टीवर वरच्या टोकाला गेला, नळाचा मर्यादेत राहिला. म्हणून ठरलं: बाळासाठी नळाचंच पाणी. नळ येईल त्या दिवशी एक झाकणाची कळशी वेगळी भरायची, त्यात दुसऱ्या कोणी हात घालायचा नाही. नळ लांबला तर कॅनचं पाणी, पण तेही उकळूनच. थंड कॅनला घरात सगळे 'शुद्ध' समजत होते. त्यातले क्षार कमी असतील, जंतू नसतीलच असं नाही.

पावडरीबद्दलही एक गैरसमज घरोघरी आहे. सीलबंद असली तरी पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, निदान ७० अंश गरम असतानाच त्यात पावडर घालायची. मग वाटी थंड पाण्याच्या ताटलीत ठेवून दूध कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून पाहायचं आणि पाजायचं. तयार दूध दोन तासांत संपवायचं, बाळाने उरवलेलं टाकून द्यायचं. विदर्भाच्या उन्हाळ्यात मी दोन तास म्हणत नाही, लगेच म्हणते. अर्धा तास हा उघड्या भांड्यातल्या पाण्याचा; उकळतं पाणी लगेच चांगल्या स्टीलच्या थर्मासमध्ये भरून ठेवलं की ते तितकं गरम राहतं तोवर सासूबाईंना दर वेळी गॅस पेटवावा लागत नाही. थर्मास नवऱ्याने अमरावतीहून आणला. त्याच फेरीत मेडिकलवाल्याने पावडरीसोबत एक बाटली फुकट देऊ केली, ती तो आनंदाने घेऊन आला. पावडर घेतली म्हणून भेट देणं हेही त्याच कायद्यात बसत नाही. असो, बाटली माळ्यावर गेली. तिच्या निपलच्या आतली साय ब्रशने घासून काढावी लागते, मग सगळं उकळावं लागतं, आणि दिवसातून तीनदा हे या घरात होणार नव्हतं. वाटी-चमचा घासला, उकळत्या पाण्यातून काढला की झालं.

सराव

रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी सुरुवात केली. क्रम असा ठेवला की आधी भांडं, मग चव. पहिले काही दिवस वाटी-चमच्याने आईचंच काढलेलं दूध, तेही दुपारी अडीचला, सासूबाईंच्या मांडीवर. आईने त्या वेळी घरात थांबायचं नाही, शेजारी जायचं. तिचा नुसता आवाज आला तरी बाळ चमचा जिभेने बाहेर ढकलायचं. सासूबाई भुकेने रडेपर्यंत वाट पाहत होत्या, म्हणजे पटकन घेईल. उलटंच होतं. चवताळलेलं बाळ नवीन काही घेत नाही, थोडी भूक असताना ते गंमत म्हणून तरी चाटून पाहतं. चमच्याने शंभर मिली जायला अर्धा तास लागायचा. मग त्याच चमच्यात पावडरचं दूध. तोंड वाकडं केलं, थोडं उडवलं, चौथ्या दिवशी घेतलं.

दर चार-पाच दिवसांनी एक पाजणं कमी केलं. अडीचचं, मग साडेअकराचं, शेवटी पाचचं. एकदम तिन्ही बंद केली असती तर छाती दगडासारखी होऊन गाठी धरल्या असत्या, ताप आला असता. तरी दुसऱ्या पाजण्याच्या वेळी उजवीकडे गाठ आलीच. गरम पाण्याचा फडका, थोडं दूध हाताने काढून टाकणं आणि संध्याकाळी बाळाला आधी त्याच बाजूला लावणं, एवढ्यावर ती दोन दिवसांत बसली. कोबीची पानं बांधायला शेजारणीने सांगितलं होतं, तीही बांधली. त्याने अपाय नाही.

रुजू झाल्यावर

सहा एप्रिलला वजन ६ किलो. ती कामावर गेली, बाळ राहिलं. पहिल्या दिवशी तिच्याकडून कॅशमध्ये पाचशेची तूट निघाली, संध्याकाळी व्हाउचरच्या गठ्ठ्यात सापडली. दुपारी एकच्या सुमारास पान्हा फुटून ब्लाउज भिजायचा. प्रसूती रजेच्याच कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीशिवाय, पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी द्यायची तरतूद आहे. पाळणाघराची सक्ती पन्नासपेक्षा कमी नोकर असलेल्या जागेला नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. सुट्टीबद्दल मी तिला कागदावर लिहून दिलं. व्यवस्थापकांनी कागद वाचला आणि "बाळ इथं कुठं आहे?" म्हणाले. शेवटी जुन्या दप्तराच्या खोलीत दुपारी पंधरा मिनिटं मिळाली, कॅश सहकाऱ्याकडे सोपवून. दोन नाही, एकच; दुसरीसाठी तिने अर्ज दिला. तिथे ती स्टीलच्या भांड्यात दूध काढायची आणि मोरीत ओतून द्यायची. ओतताना जीव तुटतो म्हणायची. त्या उन्हात ते घरी नेण्यासारखं राहत नव्हतं. पण त्या पंधरा मिनिटांनी छाती हलकी राहिली आणि दूध आटलं नाही.

मेच्या सुरुवातीला आशाताईंनी वजन केलं तर ६.१५ किलो. या वयात महिन्याला चारशे-साडेचारशे ग्रॅम वाढ अपेक्षित असते, इथे दीडशे. शिवाय शी कडक, दोन-दोन दिवसांनी. जुलाब नाहीत, ताप नाही, बाळ हसतंखेळतं. घरचं एकमत झालं होतं की पावडर मानवत नाही, कंपनी बदला.

मी कंपनी बदलू दिली नाही. सासूबाईंना म्हटलं, "मावशी, रोज करता तसं दूध करून दाखवा." त्यांनी थर्मासमधून १२० मिली पाणी मोजलं, अगदी बरोबर. मग डब्यातला चमचा भरला, कडेवर सपाट केला, एक, दोन, तीन, आणि डबा बंद केला. १२० ला चार हवेत, या पावडरीला ३० मिलीला एक. चौथा कुठे गेला विचारलं तर म्हणाल्या, "इतल्या उन्हात घट्ट दूध पोटाले जड पडते. अन् पुडा बी पुरला पाह्यजे ना." सून महागाचं दूध आणते, ते लवकर संपू नये म्हणून दर वेळी एकेक चमचा त्या वाचवत होत्या.

शी कडक होण्याचा उलगडा संध्याकाळी झाला. पाचच्या सुमारास नवरा दुकानातून एक चक्कर घरी मारायचा आणि बरेचदा शेवटचं पाजणं तोच करायचा. त्याचा हात सढळ. तो वाटीत आधी पावडर टाकायचा, चमचे शिगोशीग, आणि मग १२० च्या खुणेपर्यंत पाणी. पावडरीने आधीच जागा अडवलेली, म्हणून पाणी कमी पडायचं. म्हणजे एकाच घरात, एकाच डब्यातून, दुपारी पातळ आणि संध्याकाळी घट्ट दूध. पातळाने वजन थांबलं, घट्टाने पोट बांधलं. कंपनी बदलली असती तर नवा डबाही याच दोन हातांत गेला असता.

थर्मासच्या शेजारी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं: आधी पाणी १२०, मग सपाट चमचे ४. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून चार उभ्या रेघा. उन्हाळ्यात जड पडतं या त्यांच्या काळजीचं उत्तर वेगळं द्यावं लागलं. प्रमाणात केलेल्या दुधात बाळाला लागणारं पाणी आधीच असतं, सहा महिन्यांच्या आत वरून पाणी लागत नाही. तहान लागल्यासारखं वाटलं तर संध्याकाळी आई आल्यावर तिच्या अंगाला लावा, वाटेल तितक्या वेळा. पाकिटाच्या काळजीचं उत्तर सुनेने दिलं, महिन्याच्या सुरुवातीलाच चार पाकिटं आणून सासूबाईंच्या कपाटात ठेवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वजन ६.७ किलो. शी मऊ. तोवर सहा महिने पूर्ण होऊन वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं सुरू झालं होतं. दुपारचं अडीचचं पाजणं खाण्याने घेतलं, पावडर दोन वेळांवर आली. दुसऱ्या टप्प्याचा डबा घ्यावा का, असं नवऱ्याने विचारलं. गरज नाही म्हटलं, त्या पैशांत अंडी आणा.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायला लागलं. तुरटी फिरवून, निवळून, गाळून मग उकळा असं सांगितलं, आणि नळाचा नमुना पुन्हा तपासून घेतला. जुलैत एकदा तीन दिवस जुलाब झाले, ओआरएस आणि झिंकवर थांबले. त्या आठवड्यात बाळाने वाटी पूर्ण नाकारली आणि आई घरी असेपर्यंत अंगावरच राहिलं. मार्चमध्ये 'तोडलं' असतं तर त्या तीन दिवसांत सलाईन लावायची वेळ आली असती, असं मला वाटतं.

ऑगस्टअखेर, नऊ महिने पूर्ण, गोवर-रुबेलाच्या लसीला वजन ७.७ किलो. महिन्याला दोन पाकिटं लागतात. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री ती अजून पाजते. दप्तराच्या खोलीतली पंधरा मिनिटं तिने जुलैपासून घेणं बंद केलं, आता दुपारी छाती भरत नाही म्हणाली. दुसऱ्या सुट्टीचा अर्ज मात्र तिने मागे घेतलेला नाही. तिच्याच शाखेतली दुसरी एक मुलगी पाचव्या महिन्यात आहे, तिच्या उपयोगी पडेल म्हणून.